झगा दिसला, फोन दिसला नाही!

ऐन दिवाळीत, फराळाचे ताट पुढे आले असताना, आयर्लंडच्या दूरचित्रवाणीचे पुराण ऐकायला कोण रिकामा बसला आहे, असे कुणी मला विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु मी ज्या भांडणाविषयी लिहिणार आहे ते घडले आयर्लंडमध्ये, तरी त्याची जागा प्रत्येक घराच्या दिवाणखान्यात आहे. जेथे म्हणून आजीपासून नातवापर्यंत सारी माणसे एका पडद्यासमोर बसतात, तेथे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, या पडद्यावर काय दाखवावे. आणि दुसरा, ते कुणी ठरवावे. पहिल्या प्रश्नावर आपण घसा कोरडा होईपर्यंत भांडतो. दुसरा प्रश्न मात्र आपण इतक्या निमूटपणे परक्याच्या हवाली करतो, की जणू तो आपला नव्हेच! माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, पहिला प्रश्न घरच्या माणसांना घरच्या घरी सोडवता येतो. दुसरा एकदा हातचा गेला की पाव शतक परत येत नाही. हे मी हवेत बोलत नाही. 1966 या एका सालात आयर्लंडने हे दोन्ही प्रश्न हाताळले, आणि कोणत्या प्रश्नावर आरडाओरड करावी याची निवड साफ चुकवली.

आपल्याकडे एक सभ्य गृहस्थ मला ठिकठिकाणी भेटतात. ते लग्नात भेटतात, आगगाडीत भेटतात, व्याख्यानानंतरच्या चहापानात तर हमखास भेटतात. त्यांचे म्हणणे असे की, ‘अहो, या पडद्याने मुले बिघडली, सुना बिघडल्या, घराची मर्यादा गेली; सरकारने यावर चांगला वचक ठेवला पाहिजे.’ हा लेख मी त्या गृहस्थांसाठी लिहीत आहे. त्यांची मर्यादेची कळकळ मला मान्य आहे. त्यांनी सुचवलेला औषधोपचार मात्र मला रोगाहून भयंकर वाटतो.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगतो. आयर्लंड हा देश आपल्याला अगदीच परका नाही. ‘होमरूल’ हा शब्द आपण तेथूनच उचलला. 1916 च्या एप्रिल महिन्यात लोकमान्यांनी बेळगावास होमरूल लीग स्थापन केली, आणि त्याच महिन्यात तिकडे डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला. मूठभर बंडखोरांनी शहरातले मुख्य पोस्ट ऑफिस ताब्यात घेतले आणि प्रजासत्ताकाची घोषणा केली. रस्त्यापलीकडच्या एका इमारतीत बिनतारी यंत्राची शाळा होती. तेथील यंत्र दुरुस्त करून त्यांनी कट्ट-कड करीत, ऐकेल त्या साऱ्या जगाला, आपल्या प्रजासत्ताकाची वार्ता कळवली. जगातल्या पहिल्यावहिल्या ध्वनिक्षेपणांत या संदेशाची गणना करणारे लोक आहेत. तो मान द्यावा की न द्यावा, हा वाद तज्ज्ञांचा. परंतु एवढे मात्र खरे, की आयर्लंडच्या स्वातंत्र्याची पहिली बातमी सरकारची परवानगी न घेता आकाशात गेली. वाचकहो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

उठाव चिरडला गेला, पण देश पुढे स्वतंत्र झाला. आणि स्वतंत्र झाल्यावर त्याने काय केले? 1923 साली चित्रपटांना कात्री लावणारा कायदा केला, 1929 साली पुस्तकांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि 1937 च्या राज्यघटनेत घटस्फोटाला मज्जाव केला. धर्मपीठाचा शब्द हा घरातल्या वडीलधाऱ्याच्या शब्दासारखा होता. अशा त्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावर, 1950 नंतरच्या दशकात, घरांच्या धुराड्यांवर उंच उंच अँटेना दिसू लागल्या. समुद्रापलीकडची आणि उत्तर आयर्लंडमधली ब्रिटिश दूरचित्रवाणी फुकटात घरात उतरू लागली. परक्याचे चित्र आपल्या घरात येणारच असेल, तर आपलेही एखादे असावे, असा विचार होऊन 1960 साली कायदा झाला. आणि 31 डिसेंबर 1961 च्या रात्री, डब्लिनच्या ग्रेशॅम हॉटेलातून, बर्फाच्या साक्षीने, ‘टेलिफीश एरिन’चे उद्घाटन झाले.

त्या रात्री राष्ट्राध्यक्ष डी व्हॅलेरा यांनी जे भाषण केले ते स्वागताचे कमी आणि धास्तीचे अधिक होते. दूरचित्रवाणीची तुलना त्यांनी अणुशक्तीशी केली. अपरिमित कल्याण करील, पण कधी भरून न येणारे नुकसानही करील, असा त्यांचा इशारा होता. नव्या सुनेचे माप ओलांडणे होते न होते तोच सासऱ्याने ‘बाई, तू घर जाळशील हो!’ म्हणावे, तसा हा प्रकार! पण म्हाताऱ्याची धास्ती अगदीच खोटी नव्हती. यंत्रात शक्ती होतीच. प्रश्न इतकाच होता, की त्या शक्तीला लगाम घालायचा तो कुणाच्या हातांनी?

आता 1966 कडे वळू.

12 फेब्रुवारी 1966, शनिवारची रात्र. ‘द लेट लेट शो’ नावाचा गप्पांचा कार्यक्रम चालू होता. 1962 च्या जुलैत उन्हाळ्यापुरता म्हणून सुरू झालेला हा कार्यक्रम एव्हाना साऱ्या देशाचा शनिवार होऊन बसला होता. त्याचे सूत्रधार गे बर्न. त्या रात्री त्यांनी विवाहित जोडप्यांचा एक खेळ मांडला. नवऱ्याला बायकोच्या माघारी काही प्रश्न विचारायचे, तेच प्रश्न मग बायकोला विचारायचे, आणि उत्तरे जुळतात की नाही हे पाहायचे. आपल्याकडे डोहाळजेवणात किंवा मंगळागौरीत बायका एकमेकींना यापेक्षा अवघड प्रश्न विचारतात! त्यांतला एक प्रश्न असा, की लग्नाच्या पहिल्या रात्री बायकोच्या झग्याचा रंग कोणता होता? नवरा म्हणाला, पारदर्शक होता. बायको आधी म्हणाली की कदाचित झगा नसेलच; प्रेक्षक खो खो हसले; मग ती म्हणाली, पांढरा होता. झाले! एवढाच तो प्रसंग.

पण क्लॉनफर्टचे बिशप टॉमस रायन हे गृहस्थही आपल्या घरी बसून तो कार्यक्रम पाहत होते. त्यांचे मस्तक फिरले. त्यांच्या चिटणिसाने त्याच रात्री एका रविवारच्या वृत्तपत्राला फोन करून कळवले, की उद्या सकाळी लॉक्रे येथील कॅथीड्रलमध्ये बिशपमहाराज या कार्यक्रमाचा निषेध करणार आहेत. त्याप्रमाणे निषेध झाला, आणि वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर तो झळकला. मग काय विचारता! गावोगावच्या समित्यांनी ठराव केले, संपादकांच्या टेबलांवर पत्रांचे ढीग पडले, मर्यादेचे सारे पहारेकरी एकदम जागे झाले. केंद्राने दिलगिरी व्यक्त केली. गे बर्न यांनीही केली. एका पांढऱ्या झग्याने एक अख्खे राष्ट्र हलवून सोडले.

पुढच्याच महिन्यात त्याच कार्यक्रमात ट्रिनिटी कॉलेजचा एक विद्यार्थी आला. गॉलवे येथे नुकतेच जे भव्य कॅथीड्रल उभारले गेले होते, त्याच्यावर त्याने मनसोक्त तोंडसुख घेतले आणि ते उभारणाऱ्या बिशपना सरळ मंदबुद्धी म्हटले. पुन्हा गहजब! ‘बिशप आणि झगा’ या नावाने पहिला प्रसंग, आणि त्याच्या शेपटीला बांधलेला हा दुसरा, आयर्लंडच्या लोककथेत जाऊन बसले आहेत. एका राजकारणी गृहस्थांच्या नावावर त्या काळचे एक वाक्य आजवर खपत आले आहे, ते असे की, दूरचित्रवाणी येण्यापूर्वी आयर्लंडमध्ये कामवासना नव्हतीच! मग त्यापूर्वीचे आयरिश लोक कुठून जन्मले, हे त्या गृहस्थांना कुणी विचारले की नाही, देव जाणे.

येथे माझे सुधारक मित्र टाळ्या वाजवतील आणि म्हणतील, ‘पाहा, धर्मवेडे कसे हास्यास्पद असतात!’ त्यांनाही मी थोडे थांबवणार आहे. कारण मला बिशपमहाराजांचा राग येत नाही. त्यांनी काय केले? आपल्या स्वतःच्या व्यासपीठावरून, स्वतःच्या नावाने, दिवसाढवळ्या, आपल्याला जे वाटले ते सांगितले. ज्याला पटले त्याने पेटी बंद केली. ज्याला पटले नाही त्याने पुढच्या शनिवारी पुन्हा ती लावली. यालाच टीका म्हणतात. टीका मूर्खपणाची असू शकते, पण ती उघड असते, तिला उत्तर देता येते, तिची चेष्टा करता येते. आयर्लंडने ती साठ वर्षे केलीच आहे! मर्यादेचा आग्रह धरणाऱ्या माणसाला मी लोकशाहीचा शत्रू मानत नाही. उलट, ज्या घरात आजोबा ‘हे मला आवडले नाही’ असे मोठ्याने म्हणू शकतात आणि नात ‘मला आवडले’ असे तितक्याच मोठ्याने म्हणू शकते, ते घर सुदृढ आहे असे मी समजतो.

माझा राग दुसरीकडे आहे.

त्याच साली एप्रिलमध्ये ईस्टरच्या उठावाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. दूरचित्रवाणीने तो सोहळा मोठ्या हौसेने साजरा केला. ह्यू लेनर्ड या नाटककाराने ‘इन्सरेक्शन’ नावाची आठ भागांची मालिका लिहिली. तिच्यातली कल्पना मोठी नामी होती. 1916 साली दूरचित्रवाणी असती तर तिने हा उठाव कसा दाखवला असता? म्हणून वार्ताहर रस्त्यावर उभे राहून बंडखोरांना प्रश्न विचारताहेत, इंग्रज अधिकाऱ्यांनाही विचारताहेत, स्टुडिओत बातमीदार ताज्या घडामोडी सांगतो आहे, असा तो थाट! घराघरांतून लोकांनी आपले हुतात्मे जिवंत होऊन बोलताना पाहिले. सरकार खूश, केंद्र खूश, लोक खूश. राज्यसत्तेला आव्हान देणाऱ्या माणसांपुढे ध्वनिक्षेपक धरावा, त्यांची बाजू ऐकावी, आणि सत्ताधाऱ्यांची बाजू त्याच दमात शेजारी मांडावी, ही पद्धत सर्वांना पसंत पडली.

पण ते बंडखोर पन्नास वर्षांपूर्वी मेलेले होते. जिवंत माणसे रस्त्यावर आली तेव्हा काय झाले, ते आता पाहा.

1966 चा शरद ऋतू. गुरांचे भाव कोसळले होते आणि शेतकरी हैराण झाला होता. कृषिमंत्री होते चार्ल्स हॉही. त्यांनी संसदेत शेतकऱ्यांना काही सल्ला दिला. बातम्यांत तो सांगितला गेला. शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेला तो सल्ला घातक वाटला. तिने उलट सल्ला दिला. आणि बातम्यांत मंत्र्यांच्या पाठोपाठ तोही सांगितला गेला. यात केंद्राने कोणते पाप केले? ‘इन्सरेक्शन’मध्ये जे केले तेच केले. दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवल्या. पण मंत्रिमहाशयांना हे खपले नाही. त्यांनी केंद्राकडे फोन केला. पुढच्या बातमीपत्रातून शेतकऱ्यांचे म्हणणे गळाले. मंत्रिमहाशयांनी ही गोष्ट नाकारलीसुद्धा नाही. लोकहितासाठी मला निषेध करणे भाग पडले, असाच त्यांचा पवित्रा होता. लोकहित हा शब्द असा सोशिक आहे, की त्याच्या पाठीवर कितीही ओझे लादा, बिचारा कुरकुरत नाही!

7 ऑक्टोबर रोजी बँट्रीहून शेतकऱ्यांची पदयात्रा निघाली. रिकर्ड डीझी हे तिचे पुढारी. दोनशेहून अधिक मैल चालत, वाटेत ठिकठिकाणचे शेतकरी मिळवत, ही माणसे 19 ऑक्टोबर रोजी डब्लिनला पोहोचली, तेव्हा त्यांची संख्या तीस हजारांच्या घरात गेली होती. मंत्र्यांनी भेट नाकारली, म्हणून नऊ पुढारी कृषिखात्याच्या पायऱ्यांवर जे बसले ते जवळजवळ तीन आठवडे उठले नाहीत. आपल्याकडच्या ज्या वाचकांनी 2018 साली नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या शेतकऱ्यांचे रक्ताळलेले पाय पाहिले असतील, त्यांना या पायऱ्यांचे अधिक वर्णन नको.

आणि ही माणसे अजून वाटेत असतानाच, 12 ऑक्टोबर 1966 रोजी, पंतप्रधान शॉन लेमास यांनी संसदेत सरकारची भूमिका मांडली. तिचा आशय असा, की हे ध्वनिक्षेपण केंद्र संसदेच्या कायद्याने स्थापन झालेले, सार्वजनिक धोरणाचे एक साधन आहे. म्हणून ते सरकारला जबाबदार आहे. आणि बातम्या व चालू घडामोडींच्या बाबतीतही ते सरकारी देखरेखीपासून पूर्ण मुक्त असावे, हे मत सरकारला मान्य नाही.

वाचकहो, हे शॉन लेमास कोण, ठाऊक आहे? 1916 च्या त्या उठावात, डब्लिनच्या त्या पोस्ट ऑफिसात, बंदूक घेऊन उभा असलेला सोळा वर्षांचा मुलगा तो हाच! ज्या बंडखोरांनी परवानगीशिवाय आकाशात बातमी सोडली, त्यांच्यातला एक पन्नास वर्षांनी पंतप्रधान होऊन सांगतो, की आकाशात जाणारी बातमी सरकारच्या देखरेखीखाली असावी. मी लेमास यांना लबाड म्हणत नाही. ते कर्तबगार पंतप्रधान होते; जुनाट आर्थिक धोरणातून देशाला बाहेर काढणारा पुरुष म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. माझे म्हणणे त्याहून कडू आहे. हे वाक्य एखाद्या हुकूमशहाच्या तोंडून आले असते तर आपण सावध झालो असतो. ते एका सज्जन, देशभक्त, लोकांनी निवडलेल्या माणसाच्या तोंडून आले, म्हणूनच ते पचले.

आता दोन गहजबांचा हिशेब मांडा. फेब्रुवारीतल्या झग्याने कुणाचे काय नुकसान केले? कुणाचे एक पै नाही. ऑक्टोबरातल्या फोनने काय केले? देशातल्या शेतकऱ्याला त्याच्याच पोटाच्या प्रश्नावरची दुसरी बाजू ऐकण्यापासून वंचित केले. पण आयर्लंडची 1966 सालची दूरचित्रवाणी म्हटली की लोकांच्या ओठांवर येतो तो झगा. ऑक्टोबरातला फोन इतिहासकारांच्या पुस्तकांत पडून आहे. विरोध कुणी केलाच नाही असे नव्हे. संसदेत प्रश्न निघाला म्हणून तर पंतप्रधानांना बोलावे लागले. पण गावोगावच्या ज्या समित्यांना झगा दिसला त्यांना फोन दिसला नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण आपली असली तरी तिचा पत्ता कधीकधी डब्लिनचाही असतो!

आमचे सभ्य गृहस्थ येथे आक्षेप घेतील, आणि तो पोकळ नाही. ते म्हणतील, ‘केंद्र लोकांच्या परवाना-शुल्कावर चालते. लोकांनी निवडलेले सरकार लोकांतर्फे त्यावर लक्ष ठेवणार नाही तर कोण ठेवील? की दहा-वीस बातमीदारांना, ज्यांना कुणीही निवडलेले नाही, साऱ्या देशाचे कान सोपवायचे?’

याला माझे उत्तर असे. परवाना-शुल्क लोकांचे असते, मंत्रिमंडळाचे नसते. शुल्क भरणाऱ्यांत मंत्र्यांना मत देणारा असतो तसाच न देणाराही असतो. म्हणूनच तर 1960 च्या कायद्याने मध्ये एक प्राधिकरण बसवले होते, सरकारने नेमलेले पण सरकारहून निराळे. त्याच कायद्याच्या 31 व्या कलमाने मंत्र्याला हेही सांगून ठेवले होते, की एखादी गोष्ट प्रसृत होऊ नये असे वाटत असेल तर तसा लेखी आदेश काढावा. मला ते कलम आवडत नाही; पण लेखी आदेशात एक तरी गुण असतो. त्यावर सही असते, तारीख असते, तो संसदेत मागवता येतो, नातवंडांना दाखवता येतो. 1966 साली असा एकही आदेश निघाला नाही. फोनवर भागत असताना कागद कोण खराब करणार? आणि बातमीदारांना कुणी निवडलेले नाही म्हणता, तर बरोबर आहे. न्यायाधीशालाही आपण मते देऊन निवडत नाही, आणि निवडून आलेल्या मंत्र्याने त्याला फोन केलेला मात्र आपल्याला चालत नाही.

‘पण त्यामुळे बिघडले काय?’ असे विचाराल, तर पुढचा इतिहास ऐका. 1967 साली केंद्राचे पथक उत्तर व्हिएतनामला जायचे होते. सरकारची नापसंती कळताच तो बेत रद्द झाला. 1971 साली उत्तर आयर्लंड पेटलेले असताना 31 व्या कलमाखालचा पहिला लेखी आदेश निघाला. हिंसेचा पुरस्कार करणाऱ्या संघटनांना प्रसिद्धी देऊ नये, असा तो होता. 1972 च्या नोव्हेंबरात केव्हिन ओ’केली या वार्ताहराने आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या प्रमुखाच्या मुलाखतीवर आधारलेला वृत्तांत दिला; सरकारने सबंध प्राधिकरणच बडतर्फ केले, आणि आपल्या माहितीचा उगम उघड करण्यास नकार दिला म्हणून ओ’केलींना न्यायालयाच्या बेअदबीखाली तुरुंगात जावे लागले.

येथे आक्षेपाचे सर्वांत बळकट रूप पुढे येते. बाँब उडवणाऱ्यांना का बोलू द्यावे? त्या संघर्षात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. मेलेल्यांच्या आप्तांनी संध्याकाळी जेवताना मारणाऱ्यांचे तोंड पडद्यावर का पाहावे? हा प्रश्न ज्याला अवघड वाटत नाही, त्याच्याशी मला वाद घालायचाच नाही. मला तो अवघड वाटतो. पण बंदी जिथे थांबायला हवी तिथे ती कधी थांबत नाही, हे पाहा. 1990 साली डब्लिनमधल्या एका बेकरीत संप झाला. कामगारांचा प्रवक्ता हा शिन फेन पक्षाचा सभासद होता. त्याला बोलायचे होते ते संपाविषयी. केक भाजणाऱ्यांच्या मजुरीविषयी. केंद्राने त्याचा आवाज प्रसृत केला नाही. का, तर तो त्या पक्षाचा! तो न्यायालयात गेला. 1992 साली उच्च न्यायालयाने आणि 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाचे म्हणणे काय होते? सरकारच्या आदेशाने एवढी बंदी मागितलीच नव्हती! केंद्रानेच ती वाढवून घेतली होती. हुकूम बोटभर होता, भीती हातभर झाली. पहिला फोन घेताना ज्याचा हात थरथरतो, त्याला दुसऱ्या फोनची गरज राहत नाही. तो आपला आपणच स्वतःला फोन करतो.

1976 साली कायदा दुरुस्त होऊन, संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या ठरावाशिवाय प्राधिकरण बडतर्फ करता येऊ नये अशी सोय झाली. पण बंदी दरसाल नवी होत राहिली. ती संपली जानेवारी 1994 मध्ये, जेव्हा मायकेल डी. हिगिन्स या मंत्र्याने, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, आदेशाची मुदत वाढवलीच नाही. ज्यांना ऐकवायचे नव्हते ती माणसे पडद्यावर आली. लोकांनी त्यांना पाहिले, उलटसुलट प्रश्न विचारलेले ऐकले, कुणाला ती पटली, बहुतेकांना पटली नाहीत. आकाश कोसळले नाही. 1966 च्या त्या भाषणापासून मोजले तर मध्ये सत्तावीस वर्षे गेली होती. त्या काळात जन्मलेले मूल मोठे झाले, त्याचे लग्न झाले, आणि आपल्या शेजारच्या प्रदेशात काय चालले आहे याची एक बाजू त्याने आपल्या देशाच्या पडद्यावर ऐकली नाही. झग्याने हे केले नव्हते.

आपण मात्र आयर्लंडला हसण्याची घाई करू नये. त्याच 1966 साली आपल्याकडे अशोक चंदा यांच्या समितीने अहवाल देऊन सांगितले होते, की नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांची सरकारपासून निराळी, स्वायत्त महामंडळे करावीत. मुंबई केंद्र सुरू झाले 2 ऑक्टोबर 1972 रोजी. ते महामंडळ नव्हते, सरकारी खातेच होते. मग 1975 ची आणीबाणी आली. घराघरांतून पडद्यावर शेतीचे, नाटकांचे, गाण्यांचे चांगले चांगले कार्यक्रम चालूच होते; मर्यादेला तडा जाईल असे काही दिसत नव्हते; फक्त कोण कोण तुरुंगात आहे ते कळत नव्हते! मर्यादा शाबूत आणि माणूस गायब, असा तो काळ. प्रसारभारतीचा कायदा झाला 1990 साली, आणि तो अमलात यायला 1997 उजाडले. म्हणजे एका शिफारशीला घरात यायला एकतीस वर्षे लागली. सासरी यायला एवढा उशीर करणारी सून कितपत स्वतंत्र वृत्तीची निघाली, हे ज्याने त्याने आपल्या अनुभवाने ठरवावे.

म्हणून आमच्या सभ्य गृहस्थांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या नातीने काय पाहावे याची काळजी तुम्ही जरूर करा. ती करण्यासाठी तुमच्यापाशी साधने आहेत. तिच्याशेजारी बसा, तिला विचारा, तिच्याशी भांडा, नको वाटेल तेव्हा पडदा बंद करा, संपादकाला खरमरीत पत्र लिहा, बिशप रायन यांच्याप्रमाणे देवळात उभे राहून निषेध करा. माझी हरकत नाही, मी ऐकायलाही येईन. पण हे काम सरकारकडे सोपवू नका. कारण झगा झाकण्यासाठी जी चादर तुम्ही सरकारच्या हाती द्याल, तिने सरकार झगा झाकणार नाही. झगा त्याला उपद्रव देत नाही. त्याला उपद्रव देतात ते पायऱ्यांवर बसलेले नऊ शेतकरी. आणि चादर पहिल्या संधीला त्यांच्यावरच पडेल.

आणि आणखी एक खूणगाठ बांधून ठेवा. ज्या दिवशी पडद्यावरच्या एखाद्या हलक्या गोष्टीवरून साऱ्या गावात कल्लोळ उठेल, त्या दिवशी कल्लोळात जरूर भाग घ्या. करमणूक म्हणून तो वाईट नसतो. पण घरी आल्यावर शांतपणे बातम्या लावा, आणि काल सांगितलेली कोणती बातमी आज सांगितली नाही, ते मोजा. पडद्यावर जे दिसते त्याची चर्चा करायला सारे गाव बसलेले आहे. जे दिसायचे थांबले त्याची चौकशी करणारे एखादे तरी घर प्रत्येक आळीत असावे.